नागुबाईचा अभिप्राय

नागुबाई कशालाच चांगलं म्हणायची नाही. भाकरी टम्म फुगली तर ‘झाली’ म्हणायची, रताळी भरघोस निघाली तर ‘निघाली’ म्हणायची. भाची रचना बी.एड.ला पहिली आली, सगळं घर पेढे खात होतं, तेव्हा ही म्हणाली, “बरं, आता हात धू आणि जेवाय बस.” नव्या माणसाला वाटायचं, काय तिरसट बाई आहे! तिरसट नव्हती हो. तिनं चांगलं म्हटलेल्या गोष्टीचं वाटोळं होतं, असं गावानं ठरवून टाकलं होतं. आणि गावानं एकदा ठरवलं की ब्रह्मदेवाचा बाप आला तरी ते पुसता येत नाही.

बेळगावजवळच्या काकतीच्या पुढं, हायवे सोडून आत गेलं की ते गाव. नागुबाईचं लग्न झालं आणि वर्षाच्या आत नवरा गेला, म्हणून ती भावाच्या, रवळूअण्णाच्या घरी परत आली. तोवर लोक नुसते हळहळले. मग एकदा ती शेजारच्या भावकूच्या गोठ्यात डोकावली आणि सहज बोलून गेली, “म्हस लई गुणाची हाय बगा.” पंधरवड्यात म्हैस आटली. म्हशी आटतातच. पण भावकूच्या बायकोनं ते बोलणं पदरात बांधून ठेवलं, आणि रवळूअण्णाच्या पहिल्या लेकराचं बारसं झाल्यावर तो पदर साऱ्या गावासमोर सोडला.

त्या बारशाला नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणजे नागुबाईचाच. तिनं पाळण्यात वाकून लेकराच्या कानात ‘परशराम’ म्हटलं, कुर्रर्र केलं, आणि बायकांनी चालीप्रमाणं तिच्या पाठीत असे बुक्के घातले की ती हसून हसून खाली बसली. विधवा झाल्यावर ती पहिल्यांदा हसली ती तेव्हा. त्यानंतर आठवडा गेला असेल नसेल, लेकराला ताप भरला. तीन दिवस ताप. बेळगावला न्यायला गाडी मिळेना, मिळाली तोवर न्यायला काही उरलं नव्हतं. वहिनी ऊर बडवताना म्हणाली, “हिनं कानात काय सांगितलं कुणास ठावं!” बस्स, एवढंच. पुढचं गावानं केलं.

तेव्हापासून कुणाच्या बारशाला तिला बोलावणं नाही. पुढं युवराज झाला, रचना झाली, दोघांची नावं लांबच्या कुणा चुलतबहिणीनं सांगितली आणि नागुबाई त्या दिवशी मळ्यात मेथी खुरपत बसली. तोंडावर कुणी चेटकीण म्हणत नव्हतं. पण समोरून लेकरू आलं की आया त्याला दुसऱ्या खाकेत घ्यायच्या. मग नागुबाईनं आपणहून एक सवय लावून घेतली. लेकरू दिसलं की दोन्ही हात पदराखाली घ्यायचे. कुणाला खाक बदलायचा त्रास नको. चाळीस वर्षं झाली, हात आपोआप आत जायचे.

फक्त बेळगावच्या बाजारात हात बाहेर असायचे. तिथं ती मेथी आणि रताळी घेऊन बसायची, आणि तिथं तिला कोण ओळखत होतं! गिऱ्हाइकाच्या कडेवरचं पोर रडायला लागलं तर ती खुशाल त्याच्या हातात एक लहानसं रताळं द्यायची, गाल ओढायची, कानडीत ‘याक अळतिया?’, का रडतोस, म्हणून विचारायची. आया हसायच्या. बाजार उठला की तेवढ्यावर तिचा आठवडा जायचा.

आता रचनाचं सांगतो. पोर हुशार, मनानं चांगली. आत्याच्या अंथरुणात झोपून वाढलेली. विहिरीच्या काठावर शेंदूर लावलेले सात दगड असतात ना, त्या साती आसरा, पाण्यातल्या देवी. त्यांच्या गोष्टी तिला आत्यानंच सांगितल्या. मोठी होऊन ती बेळगावात एका शाळेत शिकवायला लागली, आणि फावल्या वेळात फोनवरच्या गोष्टींच्या अ‍ॅपवर कादंबरी लिहायला लागली. ‘डोहापल्याडचा राजकुमार’. आठवड्याला दोन भाग. आसरांना आजवर कुणी मुलगा झाल्याचं ऐकिवात नव्हतं, पण रचनाच्या कादंबरीत झाला. हिरव्या डोळ्यांचा, रुपेरी पंखांचा, आणि पाण्यातून वर आला तरी केस कोरडे! त्याचं प्रेम बसतं काजळीवर. काजळी म्हणजे गावानं चेटकीण ठरवलेली एक तरुण विधवा, आणि गंमत अशी की ती खरोखरच चेटकीण असते. ती कानात सांगेल तो शब्द खरा होतो.

“आत्या, त्यातली काजळी म्हंजे तू हाईस,” रचनानं एका रविवारी घरी आल्यावर सांगितलं.

“मी? मला गं कोण राजकुमार मिळालाय!”

“गोष्टीत मिळालाय की. आणि लोक वेडे झालेत तुझ्यापायी. थांब, वाचून दाखवतो.”

आणि इथं पहिली चूक झाली. तिनं कादंबरी वाचून दाखवली नाही, वाचकांचे अभिप्राय वाचून दाखवले. लिहिणाऱ्याला आपल्या लिहिण्यापेक्षा त्याचं कौतुक वाचायला गोड लागतं, त्यात रचना तरी काय वेगळी!

तर अभिप्राय. कोल्हापूरच्या एका बाईनं लिहिलं होतं, ‘काजळीसाठी रडून रडून उशी भिजली.’ सांगलीच्या एका पोरीची तक्रार होती की राजकुमार पंधराव्या भागापर्यंत साधा हातसुद्धा धरत नाही, हा कसला राजकुमार! कुणी म्हणे, ‘चेटकीण असावी तर अशी.’ कुणी म्हणे, ‘परीलोकाचं वर्णन कमी करा, काजळी जास्त आणा.’ आणि सोलापूरची एक बाई चिडून लिहीत होती, ‘लेखिकाताई, तिला किती सोसायला लावाल? काय दोष आहे तिचा? द्या ना शाप त्या गावाला!’

नागुबाई पापड लाटत होती. लाटणं थांबलं.

“ही कोण म्हणाली? परत वाच की.”

रचनानं परत वाचलं.

“सोलापूरची व्हय? लगीन झालंय का गं तिचं? लेकरंबाळं हाईत?”

“ते कसं कळणार आत्या?”

“असू दे. बाई शहाणी हाय.” म्हणाली आणि लगेच जीभ चावली. सोलापूरच्या त्या माउलीला आपलं बोलणं बाधायला नको म्हणून तिनं पोळपाटावर बोटं मोडली.

चाळीस वर्षांत तिची बाजू कुणी घेतली नव्हती. सख्ख्या भावानं नाही. रवळूअण्णानं तिला भाकर दिली, खोली दिली, पण ‘माझ्या बहिणीनं काही केलं नाही’ हे एक वाक्य जन्मात त्याच्या तोंडून निघालं नाही. आणि ही कोण कुठली सोलापूरची बाई! मग दर रविवारी रचना आली की नागुबाई हातपाय धुऊन बसायची. “काय म्हणत्यात गं तुझी माणसं?” गोष्टीत काय झालं हे विचारायचीच नाही. तिला वाटायचं, गोष्ट आपलीच हाय, आपल्याला ठाऊकच हाय की.

त्या वर्षी युवराजच्या बायकोला, ऋतिकाला, निपाणीत माहेरी मुलगी झाली. आणि रचनानं घरात बॉम्ब टाकला.

“नाव सांगायचा मान माझा, मी आत्या हाय. मी माझा मान माझ्या आत्याला दिला. नाव नागुआत्या सांगणार.”

वहिनीच्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. रवळूअण्णा नेहमीप्रमाणं छताकडं बघायला लागला. पण ऋतिकानंच निपाणीहून फोन केला, “आत्याबाई, तुम्हीच सांगायचं नाव. मी काजळीची फॅन हाय! एक भाग चुकवलेला न्हाय.” बाळंतिणीनंच म्हटल्यावर वहिनी काय बोलणार! नाव ठरलं होतं श्रिया. ते फक्त आईबापाला आणि सांगणारीला ठाऊक असायचं.

नागुबाईचं नंतरचं वागणं बघून कुणालाही हसू आलं असतं, आणि मग पोटात तुटलं असतं. ‘श्रिया’ तिच्या जिभेवर बसेना. ‘शिरया’ व्हायचं. मग मेथीच्या वाफ्यात उकिडवी बसून ती एकटीच पुटपुटायची, श्रिया, श्रिया. खडेबाजारात जाऊन तिनं हिरव्या खणाचा तुकडा आणला आणि हातानं कुंची शिवली. डोळ्यांना दिसत नव्हतं तरी टीप वाकडी जाऊ दिली नाही. कुंची तयार झाल्यावर वहिनीला दाखवली. वहिनीनं उलटीपालटी करून बघितली आणि परत दिली.

आणि तिकडं त्या फोनात काय चाललं होतं? बाविसाव्या भागाखाली गावातल्याच एकानं, भावकूच्या नातवानं, गुंडूनं, लिहिलं, ‘ही गोष्ट खरी आहे. आमच्याच गावची. ती बाई अजून आहे. बेळगावच्या बाजारात रताळी विकते.’

अगं, पुसून टाकायचं ना ते! एका बोटाचं काम होतं. पण रचनानं काय करावं? खाली उत्तर दिलं, ‘हो, सत्य घटनेवर आधारित!’ वर एक लाल बदाम. आणि ते सगळ्यांना दिसावं म्हणून अभिप्रायांच्या सगळ्यात वर चिकटवून ठेवलं. वाचक तुटून पडले. खरी चेटकीण! अजून जिवंत! कोल्हापूरच्या एका प्रकाशकाचा फोन आला, ‘मॅडम, पुस्तक काढूया. सत्य घटना म्हटलं की खपतं.’ रचनाचे पाय जमिनीवर राहिले नाहीत.

पुढच्या बाजारी कॉलेजच्या दोन पोरी नागुबाईसमोर उभ्या राहिल्या. रताळी घेतली नाहीत. आपसात कुजबुजल्या, फोन वर धरून तिच्यासकट फोटो काढले आणि खिदळत गेल्या. शेजारी बसणाऱ्या कोथिंबिरीवालीनं विचारलं, “काय गं मावशी, कशाला फोटो?” नागुबाई म्हणाली, “काय ठावं बाई, रताळ्याचा असंल.” त्याच्या पुढच्या बाजारी कोथिंबिरीवाली दोन हात सरकून बसली. आणि नेहमीच्या गिऱ्हाइकानं, ज्या पोराला ही दर वेळी रताळं द्यायची, त्या पोराला, दुसऱ्या खाकेत घेतलं.

नागुबाईला ती हालचाल शिकवायला नको होती. तिचे हात आत गेले. पण तिनं मनात आणलं नाही. बारसं तोंडावर आलं होतं. मन सगळं तिकडं.

बारशाला ती, वहिनी आणि रचना बसनं निपाणीला गेल्या. ऋतिकाचे वडील तंबाखूच्या वखारीत कारकून, त्या सगळ्या गल्लीला तंबाखूचा तिखट वास. नागुबाईला उतरल्याबरोबर शिंका आल्या आणि ती हसली. दारात रांगोळी, आत घुगऱ्यांचं पातेलं, पाळण्याला झेंडूच्या माळा. नागुबाईनं ठेवणीतलं इरकली लुगडं नेसलं होतं, पिशवीत कुंची, आणि जिभेवर एक नाव.

ऋतिकाची आई बाहेर आली. गोड बाई. म्हणजे गोड बोलणारी.

“या आत्याबाई, या. दमलासा न्हवं? बसा हितं खुर्चीवर.”

खुर्ची बाहेर सोप्यात होती, पाळणा आतल्या खोलीत. कुंची त्या बाईनं स्वतःच नागुबाईच्या पिशवीतून काढून घेतली, “अगं बाई, किती छान!” म्हणाली आणि कपाटावर ठेवली. बाळाच्या डोक्यावर नाही, कपाटावर. एवढ्यात आतून ऋतिकाच्या तीन-चार मावसबहिणी धावत आल्या.

“तुम्हीच व्हय काजळी? आई शप्पथ!”

“आजी, एक फोटो. आजी, जरा रागानं बघा की, काजळी बघती तसं.”

एक पोर तर तिच्यापुढं गुडघ्यावर बसली आणि कान पुढं केला, “माझ्या कानात सांगा न्हवं, ‘तुझं काम होईल’ म्हणून. सीईटीचा निकाल हाय.” सगळ्या हसल्या. नागुबाई बावरून म्हणाली, “होईल गं बाई.” पोरीनं टाळी दिली. कौतुक बघा! आपापले कान पुढं करायला तयार, फोटो काढायला तयार. पण नागुबाई उठून आतल्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत गेली तेव्हा त्याच पोरी पाळण्यासमोर उभ्या होत्या, आणि कुणी बाजूला सरली नाही.

ऋतिका बाळाला छातीशी धरून बसली होती. तिनं वर बघितलं नाही.

“आत्याबाई, मला तसं काय वाटत न्हाय. देवाशप्पथ. मी शिकलेली हाय. पण तो बाविसावा भाग वाचल्यापासून मला झोप न्हाय ओ.”

“काय हाय त्यात?” नागुबाईनं विचारलं.

ऋतिकाच्या आईनं मग गोडीनं मिटवलं. “मान खरा रचनाचा. रिवाजाप्रमाणं सख्ख्या आत्यानं सांगावं, काय? रचना, ये बाई. मुहूर्त चाललाय.”

आता रचना काय करते याकडं सगळ्या बघत होत्या. नागुबाईही. ‘आत्या सांगत नसेल तर मीही सांगत नाही’ एवढं एक वाक्य. चाळीस वर्षांपूर्वी रवळूअण्णाला जे जमलं नाही, तेवढंच. काजळीच्या तोंडी कसली कसली तेजस्वी भाषणं घालणारी ही पोर, तिला शब्दांचा तोटा होता का? तिनं आत्याकडं बघितलं. “आत्या, आता उगंच तमाशा नको गं, बाळाचा दिवस हाय,” म्हणाली, पदर खोचला आणि पाळण्यात वाकली.

कुर्रर्र झालं. बायकांनी रचनाच्या पाठीत धपाधप बुक्के घातले. नागुबाई उंबऱ्याबाहेर उभी होती, हात पदराखाली. बुक्क्यांचा आवाज ऐकला तशी तिची पाठ आपोआप ताठ झाली.

परतीच्या बसमध्ये वहिनी पुढच्या सीटवर बसली. मागं या दोघी. निपाणी मागं पडली, तंबाखूचा वास गेला, तेव्हा नागुबाई बोलली.

“तो बावीस लंबरचा भाग वाच.”

“आत्ता? घरी वाचू की.”

“आत्ताच वाच.”

रचनानं हळू आवाजात वाचला. काजळी नावाच्या समारंभात बाळाच्या कानात परीलोकाचं गुप्त नाव सांगते. बाळाचा देह निळा पडतो, गाव आक्रोश करतं. पण बाळ मेलेलं नसतं. कानात सांगितलेल्या नावावरून चालत चालत ते डोहापल्याड गेलेलं असतं, आणि तिथं राजकुमाराच्या मांडीवर खेळत असतं. काजळीनं त्याला आपल्यासाठी नेलेलं असतं. खोटं कशाला बोला, तिनं ते मायेनंच लिहिलं होतं. आपल्या न बघितलेल्या भावाला तिनं आत्यासाठी जिवंत केलं होतं.

नागुबाई खिडकीबाहेर बघत होती.

“ताप आलता गं त्याला. तीन दिस. मी कपाळावर पट्ट्या ठेवलो. गाडी मिळाली न्हाय. हे मी तुला सांगितलेलं.”

“सांगितलेलंस आत्या.”

“मग ते का न्हाय लिहिलंस?”

रचना म्हणाली, “अगं, ही फँटसी हाय. ताप, गाडी, असलं वाचाय लोकांना आवडत न्हाय. आणि मी तुला शेवटी राणी केलीय की! पंख दिलेत. सगळे म्हणत्यात, काजळीसारखी कुणी न्हाय.”

“मी नेलं म्हणून लिहिलंस.”

“वाईट अर्थानं न्हवं...”

“भावकूची बायको म्हणायची, तिला कुणी खरं मानलं, कुणी न्हाय मानलं. तू लिहिलंस. आता छापणार.”

रचनाच्या डोळ्यांत पाणी आलं. मग बोलणं कुठं तरी वळवावं म्हणून, की आत्यानं रागावू नये म्हणून, तिनं फोनवर प्रकाशकानं पाठवलेलं मुखपृष्ठ उघडलं. निळा डोह, रुपेरी पंख, आणि काळ्या लुगड्यातली एक बाई, हात पुढं पसरलेले. “हे बघ, असं निघणार. दिवाळीला. माझं पहिलं पुस्तक. सगळ्यांनी मत दिलं, आत्या. तूच एकटी राहिलीस. तुला कसं वाटलं?”

नागुबाईनं फोन हातात घेतला. खूप वेळ बघितलं. मग हात पदराबाहेर काढून त्या काचेवरून अलगद फिरवला, आणि चाळीस वर्षांत जे कशालाच म्हटलं नव्हतं ते म्हणाली.

“चांगलं हाय. लई चांगलं हाय गं तुझं पुस्तक.”

आणि रचनानं, बी.एड.ला पहिली आलेल्या रचनानं, फोन तिच्या हातातून ओढला आणि पटकन आपल्या पदराखाली झाकला.